घाम, लाळ आणि शब्दाचा दर

आपल्याकडे गिऱ्हाईक एकच विचारतं, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार छातीवर हात ठेवून "गॅरंटी!" म्हणतो, विषय संपतो. जर्मन माणसाचं एवढ्यावर भागत नाही. कापडावर जेवढी संकटं येऊ शकतात, तेवढी नावं त्यानं आधीच ठेवलेली. धुण्यात रंग टिकला तर वाशएश्टहाइट, घासण्यात राइबएश्टहाइट, घामात श्वाइसएश्टहाइट. बाळानं खेळणं चोखलं तरी रंग लाळेत उतरू नये, म्हणून श्पायशेलएश्टहाइट.

इचलकरंजीच्या एका शेठजींचा माल जर्मनीला जातो. तिथून येणारे तपासणीचे अहवाल मी पुण्यात बसून इंग्रजीत करतो. पैसे शब्दावर, तेही मूळ जर्मन शब्द मोजून. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनसाठी क्लोरबाडेवासरएश्टहाइट. जर्मनमध्ये अख्खा तलाव एका शब्दात मावतो. इंग्रजीत 'कलर फास्टनेस टू'पासून सुरुवात करून पाण्यापर्यंत पोचेस्तोवर सात शब्द खर्ची पडतात. मजुरी एकाचीच.

घामाचं प्रकरण तर मुळातूनच वाचावं. खरा घाम चालत नाही. माणसागणिक बदलणाऱ्या वस्तूवर जर्मनांचा विश्वास कसा बसावा? हिस्टिडिन आणि मीठ घालून तो प्रयोगशाळेत बनवतात, एक आम्ल, एक अल्कली. पांढऱ्या कापडाला शिवलेला तुकडा त्यात भिजवून, वजनाखाली दाबून, 37 अंशांवर 4 तास ठेवतात. मे महिन्यात भरलेल्या एसटीत हा प्रयोग रोज होतो, फक्त सर्टिफिकेट मिळत नाही.

खरी गंमत मार्कांची. घासण्याला 5 पैकी मार्क, उजेडाला 8 पैकी. उजेडासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या नमुन्याशेजारी दिव्याखाली ठेवतात आणि कोण किती विटतं ते पाहतात. शेठजींचा फोन आला.

"लाइटला 4, रबिंगला 4. सारखंच की!"

"नाही शेठजी. रबिंगचं चांगलं, लाइटचं बेताचं."

"चार ते चारच ना?"

मी 5 आणि 8 पुन्हा समजावले. "ते असू द्या," शेठजी म्हणाले, "पार्टी माल उचलणार की नाही तेवढं सांगा."

फोनवर आहेतच तर दराचंही काढलं. जर्मनीत पुष्कळ अनुवादक शब्द मोजत नाहीत, 55 अक्षरांची एक ओळ धरून बिल करतात, मधली मोकळी जागासुद्धा धरून.

शेठजी क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मोकळ्या जागेचे पण पैसे? मग जरा चिकटवून लिहा."