कोळ्याचे जाळे : अर्थ व आरेखन

कोळ्याची जाळी दोन प्रकारची असतात : कागदावर काढायची आणि घरातून काढायची. दुसरे काम घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कर्त्या पुरुषाच्या गळ्यात पडते. प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यतः पहिल्याविषयी आहे. त्यामुळे दुसरे लांबणीवर पडल्यास तो योगायोग समजावा.

१. अर्थ. लांब दांड्याचा झाडू हातात येताच सदर पुरुषास जाळ्याचा गहन अर्थ दिसू लागतो. अक्षरापासून विश्व कसे उत्पन्न होते हे सांगताना मुंडकोपनिषदात कोळ्याचाच दाखला आहे : तो तंतू स्वतःतून काढतो आणि स्वतःतच परत घेतो. हा दाखला स्टुलावर चढण्यापूर्वी द्यावा. चढल्यावर दिल्यास "आधी तो पंख्यामागचा कोपरा घ्या" एवढेच उत्तर मिळते. दाखल्यात तथ्य मात्र आहे. गोल जाळी विणणारे बरेच कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिने नव्या धाग्यासाठी वापरतात. घरातली रद्दी इतक्या तत्परतेने कधी निघत नाही.

२. साहित्य. कागद, पेन्सिल, चहा. चहा कोळ्यास देऊ नये : नासाच्या १९९५ मधील प्रयोगात कॅफीन दिलेल्या कोळ्याचे जाळे पार विस्कटलेले निघाले.

३. कृती. पुरवण्यांतले चित्रकार आधी एकात एक वर्तुळे काढतात आणि वर रेघा मारतात. हे साफ चूक. कोळ्याचाच क्रम पाळावा. प्रथम एक आडवा धागा. कोळी तो वाऱ्यावर सोडतो, पलीकडे कुठे चिकटला की पूल तयार. पुलाच्या मध्यातून खाली उतरून तीन फाट्यांचा सांगाडा. मग मध्यापासून कडेपर्यंत आरे. त्यावर आतून बाहेर जाणारे विरळ, बिनचिकट वेटोळे. ही केवळ परांची. शेवटी बाहेरून आत येत चिकट वेटोळे विणायचे आणि परांची मोडत यायचे. वर्तुळ कुठेच नाही. केंद्र किंचित वर ठेवावे, कारण कोळी डोके खाली करून बसतो आणि खालच्या भक्ष्याकडे त्याला लवकर धावता येते.

झोळाविषयी विशेष सूचना. चित्रकार प्रत्येक धाग्याला केंद्राच्या दिशेने झोळ देतात. वरच्या अर्ध्यात ते खपून जाते. खालच्या अर्ध्यात तोच झोळ वर चढतो, म्हणजे गुरुत्वाकर्षण तिथे रजेवर असते. धागे ताणलेले असतात, ते जवळपास सरळच काढावेत.

४. कोळी. पाय आठ, सगळे पुढच्या भागाला. पोटाला पाय जोडणाऱ्याने चित्रकला सोडावी.

५. जळमट. घराच्या कोपऱ्यात असे सुबक चाक बहुधा नसतेच. तिथे काटकुळ्या लांब पायांचा कोळी राहतो आणि त्याच्या जाळ्यात नक्षी शोधून सापडत नाही. झाडूचे टोक लागताच तो जागच्या जागी असा गरगरतो की त्याची बाह्यरेषाच दिसेनाशी होते. रेखाटनास हे गैरसोयीचे. पण डास खातो बिचारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मादी तर अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून लटकते. ती दिसली की झाडू आपोआप थांबतो, आणि खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या बाई विचारतात, "झालं का?" अशा मादीस कागदावर घेऊन गॅलरीत सोडावे. त्यासाठी वरील चित्राचा कागद चालतो.

६. सफाई. नाइलाज झाल्यास झाडू भिंतीवर घासू नये. धुळीचा काळा फराटा उमटतो आणि तो पुसण्याचे कामही त्याच माणसाकडे येते. टोकाला जुने सुती फडके बांधावे आणि दांडा हातात फिरवत जळमट गुंडाळून घ्यावे. आधी छत, मग भिंती, फरशी शेवटी. फरशी आधी पुसून घेणाऱ्यास ती पुन्हा पुसावी लागते.