किती घेणार?

घरात गवंडी आला, प्लंबर आला, वायरमन आला, की आपला पहिला प्रश्न ठरलेला. किती घेणार? दुसराही ठरलेला. कधी संपवणार? हे काम तुम्ही करता कसं, हा प्रश्न मात्र जिभेवर येतच नाही.

आणि ‘तुम्ही’ तरी कोण म्हणतं? पन्नाशीचा गवंडी असला तरी त्याला पंचविशीतला घरमालक ‘अरे’ करतो.

एकदा विचारून बघा. भाव सांगताना एका शब्दात बोलणारा माणूस काम सांगताना थांबत नाही.

गवंड्याला भिंतीबद्दल विचारलंत तर तो सिमेंटपासून सुरुवात करत नाही, पाण्यापासून करतो. वीट आधी भिजवायची. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, माल जळतो, आणि जळलेला माल वीट धरत नाही. भिंत उभ्या रेषेत आहे का ते ओळंब्याने बघायचं. लांबवरच्या दोन खुणा एका पातळीत आणायच्या तर पारदर्शक नळीत पाणी भरायचं. पण नळीत एक बुडबुडा जरी अडकला तरी दोन टोकांचं पाणी खोटं सांगतं. म्हणून आधी नळी झटकायची, डोळ्यांसमोर धरून बुडबुडा शोधायचा, घालवायचा आणि मगच पेन्सिलीची खूण. द्रवाच्या पातळीचा हा धडा आपण शाळेत परीक्षेपुरता पाठ केला. तो ज्याच्या हातात उतरला, त्याला आपण अडाणी म्हणतो.

स्लॅब टाकून जाताना तो बजावतो, दहा दिवस पाणी मारा. ही त्याची अंधश्रद्धा नाही. हल्ली फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट सर्रास वापरलं जातं आणि ते ताकद सावकाश धरतं. आयएस 456 हे भारतीय मानकही तेच सांगतं: साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलावा, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा. घरमालक तीन दिवस पाणी मारतो आणि चौथ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवतो. पुढे भेगा दिसल्या की चोर कोण? गवंडी.

सगळेच कारागीर चोख असतात असं कोण म्हणतं? कामचुकार गवंडीही असतात. पण चांगला आणि वाईट ओळखायचा रस्ताही हाच आहे. वीट का भिजवायची, एवढं विचारा. ज्याला उत्तर येत नाही, त्याला काम देऊ नका.

आता प्लंबरचं ऐका. शहरातल्या कुठल्याही टॉवरमधला प्लंबर एकच तक्रार करेल. डक्टमध्ये पाना फिरवायला जागा नाही. चार पाइप भिंतीला खेटून, मधे बोटभर अंतर, गळती सगळ्यात आतल्या पाइपला. नकाशात पाइप काढले होते. पाइप बदलणारा माणूस काढला नव्हता.

एसीच्या मेकॅनिकची गोष्ट याहून भयंकर. बाहेरचं युनिट अकराव्या मजल्यावर खिडकीबाहेर दोन ब्रॅकेटवर टांगलेलं. ते उघडायला उभं कुठे राहायचं? एक पाय खिडकीच्या कट्ट्यावर, दुसरा ब्रॅकेटवर. सेफ्टी बेल्ट असला तरी तो अडकवायला भिंतीत हूकच नाही. कोट्यवधींची इमारत उभी राहते आणि तिच्यात एक हूक बसवायचं कुणाला सुचत नाही. नकाशा मंजूर करण्याआधी एका मेकॅनिकला दहा मिनिटं बसवून विचारलं असतं, तर त्याने जागा बोटाने दाखवली असती.

आपण मात्र आतून हाक मारतो, अजून किती वेळ?

ऑफिसातल्या माणसाला काय करता म्हणून विचारा. तो हुद्दा सांगेल. पुन्हा विचारा. कंपनीचं नाव सांगेल. दिवसभरात हातून नेमकं काय झालं, हे त्याला सांगता येईलच असं नाही. पगार मात्र सांगण्यासारखा असतो.

सरकारी दप्तरात तरी कौशल्य कशावर मोजतात? देशात व्यवसायांचं एक राष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्यात कौशल्याच्या चार पातळ्या आहेत आणि त्या मुख्यतः शिक्षणाच्या वर्षांवर ठरतात. शाळा दहा वर्षांपर्यंत, तर सगळ्यात खालची पातळी. सफाई कामगार, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया नवव्या म्हणजे शेवटच्या विभागात. हाताची वीस वर्षं या फूटपट्टीवर किती भरतात? जवळजवळ काहीच नाही.

2023 च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्के व्याजाने कर्ज. योजना पारंपरिक हातकामासाठी आहे, मान्य. यादीत सुतार आहे, लोहार आहे, शिंपी आहे, चांगलंच आहे. चिलखत बनवणाराही आहे. नळ दुरुस्त करणारा नाही.

डबेवाल्यांचं आपण कौतुक करतो ना? तेही कधीपासून, आठवून पाहा. डब्याच्या झाकणावर रंगाने अक्षरं आणि आकडे लिहिलेले: कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. ही पद्धत चर्चगेटच्या फलाटावर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांदेखत चालू होती. 2003 मध्ये राजपुत्र चार्ल्स येऊन भेटला, 2010 मध्ये हार्वर्डने अभ्यास छापला, तेव्हा कुठे आपण झाकणाकडे वाकून बघितलं.

घराघरांतला संवादही ऐकण्यासारखा आहे. दहावीला मार्क कमी पडले? मग आयटीआयला घाला. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि आपण त्यांच्याकडे शिक्षा म्हणून बघतो. तेच आईवडील पाच वर्षांनी शेजाऱ्यापाशी कुरकुरतात, हल्ली चांगला वायरमन मिळत नाही हो!

मिळेल कुठून?

पण गवंडी, प्लंबर निदान स्वतःचा भाव स्वतः सांगतात. ऊसतोडणीच्या फडात जा. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्याचा अर्धा. दोन माणसं, चार हात, हिशेब एकाचा.

त्या बाईला तिचं काम विचारा. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्याकडे साखर जास्त आणि उंच तोडला तर खोडव्याची फूटही बिघडते. त्यासाठी दिवसभर कंबरेत वाकायचं. पाचट साळायचं, शेंड्याचं वाढं वेगळं करायचं, मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी अरुंद, पाय ओले, आणि मोळी एका बाजूला कलंडली की बाई मोळीसकट खाली. तोल मानेने सांभाळायचा, हातांनी नाही. त्याआधी पहाटे उठून भाकरी तिनेच थापलेल्या असतात. हे काम ‘अकुशल’ ठरवणाऱ्याने ती फळी एकदा चढून दाखवावी.

आणि आजारी पडली तर? खाडा. खाड्याचा दंड. अर्ध्या कोयत्याला रजा नसते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. समिती नेमली गेली, अहवाल आला, विधिमंडळात चर्चा झाली. तोवर पुढचा हंगाम लागला आणि मुकादम पुन्हा कोयते मोजायला आला.

या बाईला काम कसं करतेस हे कुणी विचारलंच नाही, कारण कागदोपत्री ती काम करतच नाही. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, टनाचे पैसे नवऱ्याच्या हातात. तिच्या मानेवरच्या मोळीचं वजन मात्र काट्यावर मोजलं जातं.

महामंडळं झाली, ओळखपत्रांच्या घोषणा झाल्या. त्या चालू द्या. येत्या हंगामाच्या करारात एवढंच करा: कोयता खोडा आणि दोन नावं लिहा. तिची उचल वेगळी, तिची मजुरी वेगळी, तिची रजा वेगळी, आणि पैसे तिच्या खात्यात.