दोरीवरचे एकवीस तुकडे

“वहिनी, तुमच्या दोरीवरचा तो टी-शर्ट कुणाचा हो? ठिगळं लावल्यासारखा!”

“ठिगळं कसली काकू! भाचीचा आहे, सुट्टीला आलीये ना. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात पोरांचं गणित मंडळ आहे, १९१९ सालचं. त्याचं चिन्ह ते. एकवीस चौरस, एकासारखा दुसरा नाही. मोठा ५०चा, धाकटा २चा. जुळवले की ११२ बाय ११२चा चौरस. कुठे फट म्हणून नाही.”

“हे काय भलतं खूळ!”

“खूळच. १९३६च्या सुमारास मंडळातली चार पोरं या नादाला लागली. ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट. चौरसांना विजेच्या तारा समजून हिशेब मांडायची.”

“आमच्याकडे फ्यूज उडाला तर दोन दिवस अंधार!”

“ऐका तर. ब्रूक्सला १३ चौरसांचा एक आयत सापडला. पठ्ठ्याने त्याचं कोडं करून आईला दिलं. बाईंनी जुळवलं.”

“मग?”

“तेच तेरा तुकडे, तेवढाच आयत, पण मांडणी निराळी! लेकाची नव्हेच. चौघं तातडीने बैठकीला बसली.”

“बसणारच! आणि नाव काय हो त्या माउलीचं?”

“गोष्टीत नुसती ‘ब्रूक्सची आई’. लेकाच्या नावाचं मात्र प्रमेय आहे.”

“घ्या! म्हणजे तिकडेही तेच.”

“अन् गंमत म्हणजे चौघं लेख लिहायची ते बाईच्या नावाने, ब्लांश देकार्त!”

“खरी बाई राहिली बाजूला... मग हा शर्टावरचा चौरस त्यांचाच ना?”

“नाही. त्यांनी केला होता चौरस, पण बर्लिनच्या श्प्रागनं १९३९ साली आधी छापला. हा १९७८चा, नेदरलंड्सच्या डायवेस्टाइननं कॉम्प्युटरवर काढलेला. एकविसापेक्षा कमी तुकड्यांत जमतच नाही.”

“आणि मंडळ दुसऱ्याचं छातीवर मिरवतंय!”

“वेड तर त्यांच्याच पोरांनी लावून घेतलं होतं ना! तो टट पुढे युद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला गेला.”

“ते जाऊ द्या. वाळला की शर्ट इकडे द्या जरा. ब्लाउजपिसांची गोधडी घातलीये, मधे फटी राहतायत. मोठा तुकडा कोपऱ्यात बसवलाय वाटतं?”

“न्या की. पण काकू, तुकडे तेवढे नातवाला कापायला लावू नका. तुम्ही भलतंच काहीतरी जुळवून बसाल, आणि पुन्हा बैठक!”