शेवाळभक्षक माशाची नेमणूक : मिहानवासीयांसाठी कार्यपद्धती

नागपूरच्या मिहानचे नाव इंग्रजी आद्याक्षरांच्या जुळणीतून आले, पण वर्धा रोडवरच्या ऑटोवाल्यापासून फ्लॅटच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यांनी ते कधीचेच मराठी करून टाकले आहे. काम दुसऱ्याकडे सोपवणे ही या परिसराची मूळ विद्या. सातासमुद्रापारच्या कंपनीची कामे इथे खापरीजवळ बसून उरकली जातात. मग घरी परतलेल्या गृहस्थाला फिश टँकच्या काचेवर हिरवा थर दिसला, की तो पुसायचे कामही कुणाच्या तरी गळ्यात घालावेसे वाटणे साहजिक आहे. बारा तास लाइट, रोज झाकणभर खत आणि पाणी बदलायला पुढचा रविवार, अशी व्यवस्था चोख बसवल्यावर तो या निष्कर्षाला येतो की टाकीत एक मासा कमी आहे. त्या माशाची नेमणूक कशी करावी, याचे हे मार्गदर्शन.

पहिली पायरी, कामाचे स्वरूप ठरवणे. ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली निरनिराळी खाती आहेत. नव्या टाकीतला तपकिरी थर, काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके, पानांच्या कडांना फुटलेली काळी दाढी आणि पाणीच हिरवे होणे या सगळ्यांना एकच कर्मचारी पुरत नाही. तपकिरी थर ऑटोसिंक्लस खातो, ठिपके नेराइट गोगलगाय खरवडते आणि काळ्या दाढीला तोंड लावणारा सयामी शेवाळभक्षक जवळपास एकटाच. हिरव्या पाण्यावर यांच्यापैकी कुणाचाच इलाज चालत नाही. आणि पानांवर निळसर, बुळबुळीत, वास मारणारी चादर पसरली असेल, तर ते शेवाळच नव्हे; ते जिवाणू आहेत आणि त्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

दुसरी पायरी, उमेदवारांची छाननी. दुकानात सर्वांत आधी पुढे केला जातो तो सकर. दोन इंचांचा, गरीब चेहऱ्याचा, काचेला तोंड लावून बसलेला. हा इसम वाढून दीड फुटापर्यंत जातो, म्हणजे दोन फुटी टाकीत त्याला वळायचे तरी पाणी सरकवून वळावे लागते. रोपे उपटतो, आणि त्याच्या विष्ठेच्या लांब दोऱ्या पाहता त्याला सफाई कामगार म्हणणे धाडसाचे आहे. तो डोईजड झाला म्हणून फुटाळा तलावात सोडून येऊ नये. केरळ, आंध्र, बंगालच्या पाण्यांत आणि वाराणसीजवळ गंगेतही हे परदेशी पाहुणे असेच पोहोचलेले आहेत. दुसरा उमेदवार चायनीज अल्गी ईटर. उमेदीत कष्टाळू, पण ज्येष्ठता आली की शेवाळ सोडतो आणि सहकाऱ्यांच्या अंगावरचा चिकट थर चोखू लागतो. नोकरी केलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. ऑटोसिंक्लस दीड-दोन इंचांचा आणि निर्व्यसनी, पण नव्या टाकीत पुरेसा थर नसल्याने उपाशी मरतो. नेराइटची गोड्या पाण्यात पैदास होत नाही. मात्र लाकडावर न फुटणाऱ्या पांढऱ्या अंड्यांची सही ती ठिकठिकाणी करते.

तिसरी पायरी, हवामानभत्ता. नागपूरचा मे पंचेचाळीस अंशांचा आणि ऑटोसिंक्लसला पाणी साधारण २२ ते २६ अंशांचे हवे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो : २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७. म्हणजे मासा धापा टाकू लागतो तेव्हाच त्याची शिदोरी आखडते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. पण काच पुसायचा कंटाळा म्हणून मासा आणायचा आणि माशासाठी पंखा, हवेचा पंप, विजेचे बिल, हा व्यवहार कागदावर मांडून पाहावा.

इथे कुणी म्हणेल, आपला देशी मासा का नको? प्रश्न रास्त आहे. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना दगडावरचे शेवाळ खरवडणाऱ्या एका माशाला त्याचे मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले, ‘मुल्या’. पण त्याला वाहते पाणी आणि दगड लागतात. दिवाणखान्यातली स्थिर, गरम टाकी ही त्याची बदली नव्हे, शिक्षा आहे. दुसरा आक्षेप असा, की जपानचे ताकाशी अमानो रोपांच्या टाकीत शेवाळ खाणारी कोळंबी सोडतच होते आणि ती आज त्यांच्याच नावाने विकली जाते. खरे आहे, पण छाटणी आणि पाणी बदलणे त्यांनी कोळंबीवर सोपवले नव्हते. सुरळीत चाललेल्या टाकीत ती शेवटचा हात फिरवायला होती.

मूळ मुद्दा हिशेबाचा आहे. शेवाळाला जागवतात लाइट आणि पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट. मासा शेवाळ खातो आणि त्यातला बराचसा ऐवज पुन्हा पाण्यातच सोडतो. खाते तेच, फक्त डावीकडची रक्कम उजवीकडे. टाकीबाहेर काही जाते ते कात्रीने छाटलेल्या पानांतून आणि बादलीने काढलेल्या पाण्यातून. अंबाझरीत हेच मोठ्या मापाने चालते : जलपर्णी काढायला यंत्रे येतात, काठावर ढीग लागतात, आणि सांडपाणी येतच राहिले की तलाव पुन्हा हिरवा. तिथे जलपर्णी निदान बाहेर तरी येते. आपण दिवाणखान्यात तेवढेही न करता एका माशाकडून अपेक्षा धरतो.

तेव्हा राजेहो, नेमणुकीचा अंतिम आदेश असा. लाइट बारा तासांवरून सहा-सात तासांवर आणावा आणि टायमरला बांधावा. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलावे. मुदत संपलेले एटीएम कार्ड काचेवर तिरके धरून वरून खाली ओढावे; हिरवी पापुद्री गुंडाळत येते, ती बाहेर काढावी. पाच मिनिटांचे काम आहे. एवढे केल्यावरही मासा हवासा वाटला, तर तो आवडतो म्हणून आणावा. नुसते कामच करून घ्यायचे असेल, तर टायमर बरा : तो खात नाही, वाढत नाही, आणि पाण्यात काही सोडत नाही.