आमच्या बिनभांडवली भागीदारास

श्रीमान दोन टक्के साहेब,
मुक्काम पेमेंट गेटवे.



आपण आमच्या आमसुलं-आगळाच्या धंद्यात भागीदार झालात त्याला काही वर्षं झाली, पण गाठभेट कधी झाली नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही बायका रातांबे फोडायला बसतो तेव्हा आपण नसता. सालं रसात बुडवून उन्हात घालताना नसता. वळवाची सर आली की ताडपत्री घेऊन खळ्यात धावायचं असतं, तेव्हाही आपला पत्ता नसतो. ग्राहकाने पैसे भरायचं बटण दाबलं रे दाबलं, की मात्र सर्वांच्या आधी आपण हजर. आमचे पैसे खात्यात यायला दोन दिवस लागतात, आपला हिस्सा त्याआधीच कापलेला असतो. इतका वक्तशीर भागीदार मिळायला पूर्वपुण्याई लागते.

आपण स्वतःला 'फक्त दोन टक्के' म्हणवता. नेट बँकिंगने भरलेल्या हजाराच्या ऑर्डरवर २० रुपये, त्या वीस रुपयांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा जीएसटी वळता करून घेता येतो. माझी उलाढाल बेताची आणि माल सगळा महाराष्ट्रातच जातो, म्हणून नोंदणी नाही. (आमच्या कुडाळाहून गोवा रत्नागिरीपेक्षा जवळ, पण सीमेवरच्या बांद्यापलीकडे आगळाची एक बाटली विकायची तरी नोंदणी आली.) तेव्हा माझे ते पैसे गेलेच. एकूण २३ रुपये ६० पैसे.

आता हजारातून साखर, मीठ, बाटल्या, खोके आणि मजुरी वजा जाता हातात १२० रुपये उरले, तर सीझन बरा गेला असं मी शेजारणीला सांगते. त्या १२० मधले २३ रुपये ६० पैसे आपले. म्हणजे उलाढालीत दोन टक्के आणि नफ्यात जवळजवळ पाचवा हिस्सा. सख्ख्या भावालाही मी एवढं देत नाही, आणि तो निदान नारळ तरी उतरवून देतो. कुरिअरचे दीडशे रुपये मी ग्राहकाकडून घेऊन तसेच्या तसे पुढे देते, त्यांच्यावरही आपण साडेतीन रुपये काढता. बाटली वाटेत फुटली आणि ग्राहकाचे पैसे परत केले, तरी आपला हिस्सा बहुतेक वेळा परत येत नाही. नफ्यात आधी आणि तोट्यात कधीच नाही, अशी आपली भागीदारी.

हितचिंतक सांगतात, "अगं, ग्राहकाकडूनच घे की!" ऐकायला सोपं आहे. हजारावर २३ रुपये ६० पैसे चढवून मागावेत, तर आपण वाढलेल्या रकमेवर टक्का लावता आणि माझ्या हातात पडतात ९९९ रुपये ४४ पैसे. पूर्ण हजार हवे असतील तर १०२४ रुपये १७ पैसे मागावे लागतात. हे सतरा पैसे कुठून आले, ते फोनवर समजावून सांगण्यापेक्षा रातांबे फोडणं परवडलं.

आणि बिलात 'व्यवहार शुल्क' अशी वेगळी ओळ दिसली की आपुलकीची आठवण निघते. "काकू, तुम्ही पण?" असं विचारणारा ग्राहक रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना सुविधा शुल्क मुकाट भरतो. सिनेमाच्या तिकिटावरही भरतो. चित्रपटगृहांनी ऑनलाइन तिकिटावर असं शुल्क घेऊ नये, असे आदेश राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते जुलै २०२५ मध्ये रद्द केले. मोठ्यांचं शुल्क ही सुविधा, आमचं मात्र हावरटपणा.

पण खरं बोलायचं तर ती वेगळी ओळ मलाही पटत नाही. डेबिट कार्डाचं शुल्क दुकानदाराने ग्राहकावर लादू नये, हे पाहायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलंच आहे. आधी एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर ती फुगवण्याची युक्ती केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत फसव्या प्रकारांत धरली आहे. म्हणजे आपल्याला किमतीच्या पोटातच जागा द्यायला हवी. मग तिथे निराळा अन्याय होतो. ग्राहकाने क्रेडिट कार्डाने भरलं, तर आपल्या २० रुपयांतला मोठा वाटा जातो कार्ड देणाऱ्या बँकेकडे, आणि त्यातूनच कार्डवाल्यांचे रिवॉर्ड पॉइंट निघतात. किंमत सगळ्यांनाच वाढवली, तर पेन्शनमधून यूपीआयने आमसुलं घेणाऱ्या आजी दुसऱ्या कुणाच्या विमानप्रवासाला हातभार लावतात.

आपले धाकटे बंधू, श्री. शून्य टक्के, हे सज्जन गृहस्थ आहेत. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून असा टक्का घ्यायचा नाही, असा कायदाच आहे. अर्थात त्यांचाही खर्च कुणीतरी उचलतं. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्राने त्याकरिता सुमारे १,५०० कोटींची योजना केली. पण काही गेटवेंतून यूपीआयचे पैसे घेतले तर 'प्लॅटफॉर्म फी'चा सदरा घालून आपणच पुन्हा येता. गेटवे टाळून नुसता क्यूआर कोड दिला, तर कुणी किती भरले ते जुळवण्यात माझी संध्याकाळ जाते. "स्क्रीनशॉट पाठवलाय बघा," म्हणतात. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल पाठवायचे दिवस गेले. आता खात्यात पैसे दिसले की मगच खोका बांधते.

राहिले थोरले काका, कॅश ऑन डिलिव्हरी. लोकांना वाटतं, रोख म्हणजे फुकट. रोख गोळा करायचे कुरिअरवाला वेगळे पैसे घेतो, ते माझ्याकडे सावकाश पोचवतो, आणि ग्राहकाचा बेत बदलला की जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं मी भरते. परत आलेल्या खोक्यात आगळ पाझरलेलं असतं ते वेगळंच. साहेब, या काकांपुढे आपण खरोखर देवमाणूस.

तेव्हा या सीझनपासून मी ठरवलं आहे. किमतीत आपल्याला धरलं आहे. हजाराची पेटी आता १,०२५ रुपयांची, पहिल्या पानावर ठसठशीत. थेट यूपीआयने भरणाऱ्याला २५ रुपये सूट. रोखीने हवं असेल तर पन्नास रुपये जास्त, तेही पहिल्याच पानावर. ज्याचा खर्च त्याच्याकडे.

आपल्याकडे मागणं दोनच. कुरिअरच्या पैशांवर हिस्सा लावू नका, आणि परत केलेल्या ऑर्डरवरचा हिस्सा परत करा. एवढं जमलं तर पुढच्या मे महिन्यात खळ्यात पाट मांडून ठेवीन. रातांबे फोडायला या.

आपली नम्र,
एक आगळवाली

ता. क. ग्राहकांनो, यूपीआयने पैसे भरताना ऑर्डरचा नंबर लिहा. 'आगळाचे पैसे' एवढंच लिहू नका, सगळ्यांचे आगळाचेच असतात.