बिऱ्हाड हुकाला

थार घेतली. टायर मोठे लावले. छतावर तंबू चढवला, त्याचं रील झालं. आता पुढे काय? पुढे काही नाही, आता मागे. मागे ट्रेलर.

छोटासा, दोन चाकांचा, दगडधोंड्यांतून जाणारा. आत दोघं झोपतील, मागचं झाकण वर केलं की ओटा तयार. अमेरिकेत याला टिअरड्रॉप म्हणतात. १९४७ साली तिथल्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने याचा आराखडा छापला आणि लोकांनी प्लायवूड आणून अंगणात ठोकाठोकी सुरू केली. त्याच सुमारास आपल्याकडे महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली होती. जीप मिळाली. अंगणाचं वाकडच्या टॉवरमध्ये अजून बघू.

पण पिंपरी-चिंचवडकराला अंगण हवंय कशाला? भोसरी एमआयडीसी आहे की. चॅनेल, पाइप, पाटे, हब, बेअरिंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग, सगळं दोन-चार गल्ल्यांत. स्वस्तात हवं तर भंगाराची कुदळवाडी होती. २०२५च्या फेब्रुवारीत तिथे महापालिकेचे बुलडोझर फिरले, तेव्हापासून भंगारालाही पत्ता शोधावा लागतो.

फॅब्रिकेटर एकच प्रश्न विचारतो. “साहेब, ड्रॉइंग आहे का?”

ड्रॉइंग नसतं. यूट्यूब असतं.

ऑस्ट्रेलियातला कुणी दाढीवाला वाळवंटात ट्रेलर उडवतोय, तसंच हवं असतं. फॅब्रिकेटर व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो, मान डोलावतो आणि तीनऐवजी पाच एमएमचा पत्रा कापायला घेतो. आपल्याकडे मजबूत म्हणजे जड. “लाइफटाइम टेन्शन नाही, साहेब.” त्याला नाहीच. क्लचला आहे.

आणि खरी गोम वजनातच आहे. युरोपात ७५० किलोच्या आतल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. त्याच्या वर गेलात की लागतात. आपल्या भोसरी आवृत्तीचं वजन किती? कुणी केलंय? अहो, चाकण रस्त्यावर पावलोपावली वजनकाटे आहेत. पोलादाच्या कॉइलच्या रांगेत आपणही उभं राहावं, पावती घ्यावी. पण पावतीवर आकडा येतो, आणि आकडा बायकोला दिसतो.

एकूण वजनाहून महत्त्वाचं असतं ते नाकावरचं, म्हणजे हुकावर टेकणारं. ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं. त्यासाठी धुरा मध्यापासून जरा मागे घ्यायचा, पाण्याची टाकी धुऱ्याच्या डोक्यावर, बॅटरी पुढे. नाक हलकं राहिलं तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ती लाट गाडीपर्यंत पोचते. नाक फार जड झालं तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग नुसतं हातात राहतं. हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. फळी टाकून घरच्या वजनकाट्यावरही होतं. पण घरचा काटा खरं बोललेला कुणाला आवडतो?

मोजून झालं, धुरा बसला, रंग लागला. मग सामान.

लिथियम बॅटरी, सोलर, इन्व्हर्टर, फ्रिज, इंडक्शन, मिक्सर, प्रोजेक्टर आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून कमोड. आणि हे सगळं मागच्या बाजूला, कारण झाकण मागे उघडतं. नाकाचं गणित गेलं. घरापासून चार दिवस लांब जायचं म्हणून निघालेला माणूस घरच ओढत निघतो.

मूळ कल्पना किती सुटसुटीत होती! लष्करी जीपच्या मागे पाव टनी ट्रेलर असायचा. पत्र्याचा हौद, वर ताडपत्री, चाकं जीपचीच. एक स्टेपनी दोघांना पुरायची. आपल्याकडे गाडीला अठरा इंची अलॉय आणि ट्रेलरला टेम्पोची चाकं. घाटात पंक्चर झाल्यावर कळतं.

कायदा? आहे ना. १९८८चा मोटार वाहन कायदा, कलम ६१. ट्रेलरलाही गाडीसारखीच नोंदणी. वर गंमत अशी की ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या अंगावर लावायचा आणि गाडीचा नंबर ट्रेलरच्या पाठीवर. लग्नातल्या उखाण्यासारखं, दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं.

नोंदणीआधी मंजुरी. तपासणारी संस्था, सीआयआरटी, भोसरीतच. तशाच एआरएआयचं केंद्र चाकणला. आरटीओ मोशीला. ठोकणारा, तपासणारा, नंबर देणारा, सगळे शेजारी. म्हणजे एका दुपारचं काम, नाही का? नाही. ती वाट कारखानदारासाठी आहे, जो एक नमुना पास करून घेतो आणि त्याच्यासारखे ढीगभर विकतो. हौसेच्या एका नगासाठी तो खर्च म्हणजे घोड्याहून नाल महाग. मग काय करतात? “उसाच्या ट्रॉल्या चालतात ना?” असं म्हणतात आणि निघतात.

उसाच्या ट्रॉलीचं नाव काढलंच आहे तर एकदा तिचा ड्रायव्हर ट्रेलर मागे कसा घेतो ते बघा. स्टीअरिंग डावीकडे, ट्रेलर उजवीकडे. ट्रेलर जितका आखूड, तितका लवकर दुमडतो. तो गडी दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यात बिनबोभाट लावतो. आपल्याकडे रिव्हर्स कॅमेरा असतो. त्यात ट्रेलरचं तोंड दिसतं.

बरं, जायचं कुठे? पवनेकाठी मोकळं आकाश मिळतं, स्पीकरसकट. भामा आसखेडच्या काठाला जमीन दिसते, पण ती कुणाची तरी असते. भीमाशंकरला अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तिथे हूक सोडता येत नाही. सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कही आहेत. तुमच्या वाटेत एखादं लागलं का? नीट आठवून सांगा.

पहिला मुक्काम मात्र ठरलेला. चाकणच्या तळेगाव चौकातली वाहतूककोंडी. झाकण उघडा, चहा टाका, वेळ आहे.

आणि हे सगळं कुठे चाललंय? देहू आणि आळंदी जिथून हाकेच्या अंतरावर आहेत तिथे! दरवर्षी तिथून दिंड्या निघतात. मागे ट्रक, त्यात राहुट्या, पातेली, शेगड्या, पाण्याचा टँकर वेगळा. जवळजवळ तीन आठवडे, रोज नवा मुक्काम, तोही भर पावसात आणि चिखलात. पहाटे गाशा गुंडाळतात, संध्याकाळी पुढच्या गावात शेकडोंची पंगत उठवतात. लेव्हलिंग जॅक कुणी मागत नाही. आमचा ट्रेलरवाला दोन माणसांच्या चहासाठी आधी स्पिरिट लेव्हल शोधतो.

परत आल्यावर सोसायटी. पार्किंग एका गाडीचं. ट्रेलर ही गाडी की सामान, यावर कमिटीची बैठक. गाडी म्हणाल तर दुसरी जागा विकत घ्या, सामान म्हणाल तर चोवीस तासांत हलवा. चेअरमन त्या दिवशी फार वर्षांनी खूश दिसतात.

मग सासुरवाडी कामाला येते. खेडला शेत आहे, पत्र्याची शेड आहे. “दोन दिवस राहू द्या,” म्हणून सोडलेला ट्रेलर तिथेच रुजतो. सासऱ्यांनी गादी काढून पडवीत टाकली. छतावरचं सोलर चालू आहे, आतला पंखा चालू आहे, आणि चाकणच्या बाजाराला भाव येईपर्यंत त्यात कांदा भरलाय. हवा छान खेळते म्हणतात. जावयाला निरोप आहे, असा अजून एक करून मिळेल का?