आत्याबाईंची जबानी

पूर्वी विद्या गुरुमुखातून मिळे, पुढे ती ग्रंथांतून मिळू लागली, आणि २००५ साली यूट्यूब अवतरल्यापासून मोदक, मोटार व मोक्ष या तिन्ही विषयांवरील उपदेश घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. आता त्यावरही कडी म्हणून, हे व्हिडिओ स्वतः न पाहता चॅटबॉटच्या हवाली करावे आणि मग त्यालाच प्रश्न विचारून सार काढून घ्यावे, अशी प्रथा रूढ होऊ पाहत आहे. यातील मेख एवढीच की, अशा पुष्कळशा यंत्रांच्या दप्तरी चित्र रुजू होतच नाही. रुजू होते ती बोलण्याची लेखी प्रत. गूगलच्या नोटबुकएलएमला २०२४ साली व्हिडिओचा दुवा चालू लागला, तोही याच बोलीवर.

आमच्या चिरंजीवांनी अशाच एका यंत्राच्या साहाय्याने आपल्या आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या भगिनींचे, पाकशास्त्र अजरामर करण्याचे मनावर घेतले. उकडीच्या मोदकांचे सगळे व्हिडिओ यंत्राने पचविल्यावर त्यांनी विचारले, “कळ्या कशा पाडाव्यात?” तत्काळ उत्तर आले, “पारी अशी धरून अंगठ्याने अशी कळी पाडावी, मग दुसरी अशी, आणि शेवटी सगळ्या अशा जवळ आणाव्यात.” खाली मिनिट-सेकंदांसह दाखला दिलेला होता, एखाद्या मामलेदाराच्या पंचनाम्यातही इतका काटेकोरपणा सापडावयाचा नाही. “सारण कोरडे झाल्यास काय करावे?” यावर आज्ञा झाली, “दुधाचा हबका मारावा. उद्यापासून अर्धा लिटर जास्त घालावे व पिशवी कडीला अडकवावी.” चित्रीकरण चालू असता दूधवाला दाराशी आला होता, हे यंत्राला कोण सांगणार! हाताची विद्या हातातच राहिली, आणि तोंडाची तेवढी दप्तरी लागली.

ही जबानी वाचून भगिनी संतापल्या आणि पुढचा पाठ त्यांनी संपूर्ण मौन पाळून दिला: उकड मळली, पारी केली, कळ्या पाडल्या, मोदकपात्रावर झाकण ठेवले; तोंडातून अक्षर नाही. आता, बोलणे ऐकून लिहिणाऱ्या यंत्रांचे शिक्षणही अफाट असते. ओपनएआयने २०२२ साली प्रसिद्ध केलेले व्हिस्पर तर ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर पोसलेले आहे. पण जालावरील व्हिडिओंच्या उपशीर्षकांचे संस्कार असल्या यंत्रांवर इतके दृढ असतात की, वक्ता गप्प बसला म्हणजे ती कधी कधी निरोपाचे ठरीव शब्द स्वतःच्या पदरचे घालतात. त्या दिवशीच्या लेखी प्रतीत पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत एकच मजकूर उतरला होता: “पाहिल्याबद्दल धन्यवाद. पाहिल्याबद्दल धन्यवाद.”

चिरंजीव खजील झाले, भगिनींनी मात्र चष्मा सावरून तो कागद पुन्हा एकवार सावकाश वाचला, आमच्या सर्वांकडे दृष्टी फिरविली आणि म्हणाल्या, “चुलीपुढे जन्म गेला माझा, आभार मानणारं हे पहिलंच माणूस भेटलं!”